तारेने मारलेली उडी

सर,

शोकसभेत प्राचार्य म्हणाले, मुकादम सर पोलादासारखे कणखर होते, आणि मला फस्सकन हसू आलं. पदर तोंडाला लावला. शेजारी बसलेल्या मराठीच्या बाईंना वाटलं मी रडतेय, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनी हात फिरवला आणि मग मला खरंच रडू फुटलं. एका मिनिटात दोन्ही झालं. तुम्ही असतात तर घड्याळ लावून बघितलं असतंत.

तुम्हाला पोलाद म्हटलेलं मुळीच खपलं नसतं. तुमचा जीव शिशावर. पोलाद मोडेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही, शिसं बिचारं रोज थोडं थोडं सांगत असतं, हे तुमचं म्हणणं मी चोवीस वर्षं ऐकलं. वर माझ्याकडे बघून म्हणायचं, पोलादपूरच्या बाईंना शिशाची किंमत कशी कळणार. एकच विनोद माणसाने किती वर्षं करावा याला काही मर्यादा असते, सर.

आणि पेपरात काय छापलंय कळलं का तुम्हाला? 'रसायनशास्त्राचे माजी प्राध्यापक'. उभा जन्म तुमचा शेजारच्या केमिस्ट्रीवाल्यांशी नळाच्या पाण्यावरून भांडण्यात गेला आणि शेवटी नेऊन त्यांच्यातच बसवलं. मी फोन करून चांगलं झाडलं. पलीकडचा गृहस्थ म्हणाला, सायन्स ते सायन्सच ना, मॅडम. मी फोन ठेवून दिला.

आज तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले. मला पत्रं लिहायची सवय नाही, तुम्हाला तर कधीच लिहिलं नाही, रोज समोर असलेल्या माणसाला कोण लिहितं? पण तुमच्या निलोफरने माझी पंचाईत केली. ती रविवारी पुण्याला परत जाणार. जाताना तुमच्या सगळ्या वह्या नेणार, आणि तारेचा तो निबंध, जो तुम्ही पाठवतो पाठवतो म्हणत बारा वर्षं टेबलाच्या खणात दडपून ठेवलात, तो छापायला पाठवणार. वर तुमचं नाव, खाली माझं. बाकी सगळा निबंध तयार आहे, फक्त एक परिच्छेद कोरा होता. मे महिन्यातल्या त्या उडीचं कारण. "मावशी, अब्बा म्हणायचे तो परिच्छेद बाईच लिहितील," असं म्हणून तिने कोरा कागद माझ्या हातात दिला.

चार दिवस कागद कोराच होता. सुचत नव्हतं म्हणून नाही. कारण मला माहीत आहे, सर. चौदा वर्षं माहीत आहे. कारण मी आहे.

आता हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला तार माहीत नसेल, म्हणून सांगून टाकते. तुम्ही तेवढा वेळ चहा प्या.

तुमच्या दासगावात मासे पकडायच्या जुन्या जाळ्यांना शिशाच्या गोळ्या असायच्या. त्या गोळ्या तुम्ही पिशवी भरून आणल्यात, प्रयोगशाळेत वितळवल्यात, आणि बाजारातल्या सोनाराच्या हातापाया पडून त्याच्या तार ओढायच्या पट्टीतून शिशाची तार काढून घेतलीत. सोन्याच्या पट्टीला शिसं लावलं म्हणून सोनार आठवडाभर तुमच्याशी बोलत नव्हता. ती तार पहिल्या मजल्यावरच्या आपल्या प्रयोगशाळेत आढ्याच्या लोखंडी तुळईला टांगली, खाली आकडा, आकड्याला दीड किलोचं वजन. झाला प्रयोग. मी तेव्हा प्रयोगशाळा सहायक म्हणून नवी होते. विचारलं, आता पुढे काय करायचं? तुम्ही म्हणालात, आता वाट बघायची.

मला वाटलं होतं तासभर. चोवीस वर्षं झाली.

धातू घन असतो, कडक असतो, पण त्यावर भार ठेवला तर तो न तुटता अगदी सावकाश ताणला जातो. महिनोन्‌महिने, केसाएवढा. हे मोजलं म्हणजे घरांचे, पुलांचे, टाक्यांच्या जोडांचे भार वर्षानुवर्षं कसे पेलले जातात ते कळतं. तुम्ही मला सांगितलंत, "घन असं काही नसतं, बाई. सगळं वाहतं. फक्त घाई नसते." मी म्हटलं, उद्या म्हणाल हे टेबलही वाहतंय. तुम्ही म्हणालात, हो. यावर आपलं जे भांडण लागलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी बी.एस्सी. झालेली बाई, घन म्हणजे घन. तुम्ही दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधल्या पुस्तकांच्या फळीखाली दोरा ताणून मला दाखवलंत की फळी मधोमध बोटभर झुकली आहे. मी म्हटलं, ती वाहिलेली नाही, वाळवी लागलीय. वाळवी निघालीही. पण तुम्ही हटला नाहीत.

रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी वाचन. साडेआठनंतर खिडकीतून ऊन येऊन तार तापते, म्हणून आठ दहा. आधी तुम्ही सूक्ष्मदर्शकातून बघायचं, मग मी बघायचं, आकडा जुळला की वहीत लिहायचा. दिनांक, तापमान, वाचन, शेरा, दोघांच्या सह्या. पेन्सिलीने. तुम्ही आवाज चढवलेला मी फक्त एकाच गोष्टीवरून ऐकलाय, वहीत पेन लावलं तर. एकदा शिपाई बाबूने निळ्या शाईने तारीख टाकली तर तुम्ही असे ओरडलात की खालच्या मजल्यावर कॉमर्सचा तास थांबला. पेन्सिलीने लिहिलं की चूक कबूल करायला जागा राहते, असं तुम्ही नंतर शांतपणे समजावलंत. बाबूने कानाला खडा लावला. तो आजही माझ्याकडे पेन मागायला येतो तेव्हा आधी दाराबाहेर उभा राहतो.

तर ती मे महिन्यातली गोष्ट.

कॉलेजला सुट्टी होती, पण तारेला सुट्टी नसते. तुम्ही बहिणीच्या मुलाच्या लग्नाला चिपळूणला चार दिवस निघालात. आमच्याकडे पोलादपुरात सत्यनारायण, घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून तुम्हीच म्हणालात की या चार दिवसांत वाचन नको, उगाच एस.टी.ने येजा करू नका. किल्ली तेवढी माझ्याकडे दिलीत आणि दारातून परत फिरून सांगितलंत, तारेला हात लावू नका.

मी हात लावला नाही, सर. पिशवी लावली.

झालं असं, की तुम्ही निघालात त्याच दिवशी मी पूजेच्या सामानाला महाड बाजारात आलेली. समोरून जनामावशी, तुमच्या दासगावचीच, डोक्यावर टोपली. पावसाळ्याच्या बेगमीची दोन किलो सुकट, म्हणजे वाळवलेला जवळा, मी तिला सांगून ठेवलेली. तिने नेमकी तीच आणली. पुन्हा येणं नाय, आता पाऊस लागेल, घ्यायची तर घे, म्हणाली. घेतली. घेतल्यावर डोक्यात प्रकाश पडला. घरी सत्यनारायण. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं की पूजा उरकेपर्यंत घरात मासळीचा वाससुद्धा आला तर सूनबाई तुम्ही गोठ्यात झोपा. नवीन, अजून ओलसर सुकट ती, कापडी पिशवीत, एस.टी.त बसले असते तर पोलादपूर स्टँडवर उतरायच्या आधी घरी वर्दी पोहोचली असती.

मग प्रयोगशाळेत आले. पण ठेवायची कुठे? उंदरांनी आदल्याच महिन्यात गॅसच्या रबरी नळ्या आणि तीन उत्तरपत्रिका खाल्लेल्या. कपाटांना भोकं, खणांना भोकं. मांजर खिडकीतून टपून बसलेलं. आख्ख्या खोलीत उंदराला चढता येणार नाही आणि मांजराला उडी पोहोचणार नाही अशी एकच जागा होती. आढ्यापासून टेबलापर्यंत अधांतरी, आणि खाली तयार आकडा.

माझ्या मनात प्रश्न आलाच नाही असं नाही. आला. मी स्वतःला काय सांगितलं ते तुम्हाला सांगायची लाज वाटते. मी स्वतःला सांगितलं, सुकट हलकी असते.

बी.एस्सी. फिजिक्स. दोन किलो शिसं आणि दोन किलो कापूस हा प्रश्न दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना विचारून हसणारी मी. पण सर, पिशवी हातात घेतली की खरंच हलकी वाटते ती. एवढी मोठी, फुगलेली.

चार दिवसांनी तुम्ही येणार त्या सकाळी मी पहिल्या एस.टी.ने आले, पिशवी उतरवली, बाबूच्या खोलीत टाकली, खिडक्या उघडल्या, पाच उदबत्त्या लावल्या. तुम्ही आठ वाजता आत आलात, दारातच थांबलात, दोनदा नाक ओढलंत आणि म्हणालात, पूजा इथे होती का घरी? मी म्हटलं, घरी, वास साडीला लागलाय. तुम्ही बरं म्हणालात आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलात.

एकदा बघितलंत. चष्मा पुसून परत बघितलंत. मला बघायला सांगितलंत. वर्षभरात जेवढी खाली यायची तेवढी तार चार दिवसांत आली होती.  मी बोलणारच होते, सर, देवाशपथ, तोंड उघडलं होतं. पण तुम्ही चहासुद्धा न घेता उभे होतात आणि तुमचा चेहरा असा उजळलेला मी निलोफरच्या बारावीच्या निकालालाही बघितला नव्हता. "बाई, तारेनं उडी मारली," म्हणालात. मी तोंड मिटलं. पहिल्या दिवशी तुम्ही इतके खुशीत होतात म्हणून बोलले नाही. दुसऱ्या दिवशी, पहिल्या दिवशी बोलले नाही म्हणून बोलले नाही. पुढचे सगळे दिवस तसेच गेले.

मग तुम्ही कारण शोधायला लागलात. मी तुम्हाला कारणं पुरवायला लागले. कोयनेकडचा भूकंपाचा धक्का, हे माझं पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं. तुम्ही बाजारभर दुकानदारांना विचारत फिरलात, त्या चार दिवसांत काही हादरलं का? एका रविवारी माझ्या घरी आलात आणि सासूबाईंना विचारलंत, त्या आठवड्यात मांडणीवरची भांडी वाजली होती का? सासूबाई म्हणाल्या, भांडी रोजच वाजतात, सूनबाई घासते तेव्हा. तुम्ही तेही लिहून घेतलंत. कोयना बारगळल्यावर मी हायवेवरच्या ट्रकांवर आले, मग उन्हावर, मग पौर्णिमेच्या भरतीवर. भरती तर दासगावच्या खाडीला येते, आपल्या तुळईला कशी येईल, एवढंही तुम्ही विचारलं नाहीत. मान हलवलीत आणि म्हणालात, विचार करण्यासारखं आहे.

दर मेमध्ये, त्याच तारखेला, चहाचा कप पुढे सरकवून तुमचा एकच प्रश्न. "उतेकरबाई, उडीचं काही सुचलं का?" आणि माझं नवीन उत्तर. मला वाटायचं तुम्हाला वेड लागलंय. इतर ठिकाणचे लोक दोन वर्षांच्या मोजणीवर चार निबंध छापतात, तुम्ही एका रकान्यापायी अख्खा निबंध अडवून बसलेले. मी तुम्हाला किती टाकून बोलले त्यावरून! म्हटलं, अहो, अज्ञात कारण लिहा आणि पाठवून द्या, जगात कोणाला पडलीय महाडच्या तारेची. तुम्ही म्हणायचात, अज्ञात नाही बाई, यायचंय अजून.

उडीनंतर दोन वर्षांनी तुम्ही त्याच शिशाच्या आठ नव्या तारा ओढून आणल्यात. एकेकीला दीड किलोच्या वर वेगवेगळं जादा वजन लावून चार चार दिवस टांगायची, किती ताणते बघायचं. मला म्हणालात, नुसती चाचणी आहे. आकडे मीच लिहिले. पाव किलो, अर्धा, एक, दीड. एक किलो आठशेची तार झाली तेव्हा तुम्ही जुनी वही काढून शेजारी ठेवलीत, दोन्हीकडे बघितलंत, काहीतरी लिहिलंत आणि वही मिटलीत. मी घामाघूम. विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, चहाची वेळ झाली.

त्याच दुपारी डबा खाताना सहज म्हणालात, हल्ली सुकटीची चटणी आणत नाही तुम्ही. आणत नव्हतेच. त्या मेपासून मी कॉलेजात सुकट आणायची बंद केली होती, झाकण उघडलं की माझं पाप दरवळेल अशी भीती. आणि तुम्हाला तर ती किती आवडायची. घरून भाभींनी दिलेलं कालवण बाजूला सारून माझ्या डब्यात बोट घालणारे तुम्ही. मी म्हटलं, आमच्याकडे आता कोणी खात नाही. तुम्ही अच्छा म्हणालात. अच्छा असं म्हणालात की मी पाणी प्यायला उठले.

सगळं काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या मोठ्या पुराच्या वर्षी बाजारात पाणी भरलं, जिन्याच्या सहा पायऱ्या बुडाल्या, मी पोलादपुरात अडकलेली आणि तुम्ही दासगावात. दोन दिवसांनी फोन लागला. तुम्ही पहिला शब्द बोललात तो "तार?" आणि लगेच इतके ओशाळलात की पाच मिनिटं माझ्या घरच्या एकेकाची नावं घेऊन खुशाली विचारत बसलात. त्याच आठवड्यात तळीये गावावर डोंगर खाली आला. तुम्ही त्यानंतर कितीतरी दिवस पोलादपूरचा विनोद केला नाहीत. एका सकाळी वाचन झाल्यावर म्हणालात, मी घन काही नसतं म्हणत मिरवायचो, बाई, मला नको होतं खरं व्हायला.  मी तुमच्या कपात आणखी चहा ओतला.

निवृत्त झालात तरी आठ दहा चुकवलं नाहीत. नवे सर बिचारे भले, त्यांनी तुळईखालची जागा तुम्हाला सोडून दिली. मग छातीचं दुखणं सुरू झालं आणि जिना बंद झाला. मी वाचन घेऊन फोन करायची, तुम्ही आकडा ऐकून हं म्हणायचात.

शेवटचं भेटले ते तुमच्या घरी. भाभी आत चहा करत होत्या. तुम्ही उशीला टेकून बसलेले, शिशासारखे करडे. मे यायला अजून अवकाश होता तरी तुम्ही विचारलंत, "बाई, सुकटीची चटणी करता का हो अजून?"

आता कळतं मला, सर, की तुम्ही दार किती उघडं धरलं होतंत. मी काय म्हटलं? म्हटलं, डॉक्टरांनी तुम्हाला मीठ बंद केलंय. तुम्ही हसलात. म्हणालात, ते खरंच. आणि उडीचं? मी म्हटलं, कोयनाच असणार, सर. चौदा वर्षं फिरून परत कोयनेवर आले मी. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली.

मला माफ करा. हे मला तिथे म्हणायचं होतं आणि मी उठून एस.टी. पकडायला गेले.

काल संध्याकाळी निलोफरने त्या वर्षाची वही आणून दिली. एवढ्या वर्षांत ती वही मी उघडली नव्हती; तुम्ही ती तुमच्या घरी कपाटात ठेवायचात आणि निबंधातला आलेख तेवढा माझ्यासमोर असायचा. मेचं पान काढलं. चार ओळी रिकाम्या. पाचव्या ओळीत उडीचा आकडा, तुमची सही, माझी सही, मी घामेजलेल्या हाताने केलेली. आणि शेऱ्याच्या रकान्यात तुमचं बारीक अक्षर, पेन्सिलीने.

'जादा भार, चार दिवस. अंदाजे एक किलो आठशे ग्रॅम. वास ओळखीचा. बाकी उतेकरबाई सांगतील तेव्हा भरणे. घाई नाही.'

मी खुर्चीत बसले ती बाबू दार लावायला आला तरी उठले नाही. म्हणजे खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला मी पाच उदबत्त्यांनी फसवायला निघाले होते. तुम्ही उदबत्तीच्या आडूनही ओळखलंत. आठ तारा टांगून वजनसुद्धा काढलंत. एका माणसाने स्वतः बोलावं म्हणून बारा वर्षं निबंध अडवलात, बाजारभर भूकंपाची चौकशी करत फिरलात, माझ्या सासूबाईंची भांडी वहीत लिहून घेतलीत! राग आला मला तुमचा. एवढा सोशिकपणा कशाला दाखवायचा? एकदा ओरडायचं होतं, बाबूवर ओरडलात तसं. मी त्याच दिवशी रडून मोकळी झाले असते आणि तुम्हाला चौदा वर्षं चटणी मिळाली असती.

रडून झाल्यावर मी पुन्हा आकडा बघितला. एक किलो आठशे? मी तर दोन किलो घेतली होती.

आज सकाळी वाचन उरकून थेट बाजारात गेले. जनामावशी बसते अजून, दात गेलेत, जीभ शाबूत आहे. तुम्ही गेलात ते तिला कळलं होतं. म्हणाली, सर दर वर्षाला येयाचं, इचारायचं, आमची बाई सुकट नेते का गो अजून, मी सांगायची, नेते की, दोन किलो, चुकवीत नाय. घ्या! आमच्याकडे कोणी खात नाही, हे माझं सांगणं तुम्ही दर मेमध्ये तिच्याकडे तपासून घेत होतात.

मग मी तिला पिशवीची आणि तारेची सगळी हकीकत सांगितली आणि मुद्द्यावर आले. म्हटलं, मावशी, चौदा वर्षांपूर्वी तू मला दोनशे ग्रॅम कमी दिलीस. माझ्याकडे पुरावा आहे.

तिने टोपलीवरचा हात कमरेवर ठेवला. "काटा मारणारी मी नाय गो बाय. दोन किलोच दिली व्हती. तू ती मे महिन्यात चार दिस बंद खोलीत टांगलीस, मंग सुकायची नाय ती? त्या तारंला इचार."

 तिचं बरोबर आहे, सर. पहिल्या दिवशी दोन किलो असेल, चौथ्या दिवशी सुकून कमी, तारेने मधली सरासरी सांगितली. किंवा मावशीने खरंच काटा मारला. दोन्ही शक्य आहे. मी वळले, तुम्हाला फोन लावायला मोबाईल काढला, तुमचं नावही दाबलं. वाजला. भाभींनी उचलला. मी म्हटलं, भाभी, सरांना एक आकडा सांगायचा होता.

मग मी दोन किलो सुकट घेतली. प्रयोगशाळेच्या वजनकाट्यावर बरोबर दोन किलो भरली, म्हणजे मावशी निदान आता तरी सरळ आहे. कापडी पिशवीत घालून खिडकीजवळ टांगली आहे, साध्या खिळ्याला, तारेपासून लांब. चार दिवस रोज आठ दहाला वजन घेणार. नवे सर नाकाला रुमाल लावून आत आले आणि विचारायला लागले की हे काय आहे. मी म्हटलं, घन पदार्थांच्या गुणधर्मांचं संशोधन. ते भले आहेत, बाहेर गेले.

निलोफरचा परिच्छेदही लिहून झाला. खरा लिहिला. आधी वाटत होतं की खरं सांगितलं तर तुमची उडी जाईल, उरेल एक पिशवी, आणि लोक दोघांना हसतील. हसू देत. जाळ्याच्या शिशाची ती तार इतकी सरळमार्गी निघाली की चार दिवस कोणी काय टांगलं ते तिने जवळजवळ तोळ्याने सांगितलं. तिच्यावर भरवसा ठेवायला याहून मोठा पुरावा कुठला? निलोफर वाचून एवढी हसली की तिला ठसका लागला. मग माझ्या गळ्यात पडून रडली. तुमच्या घरचे लोकही एका मिनिटात दोन्ही करतात.

आणि आत्ता, हे लिहायला बसायच्या आधी, वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात तुमच्या ओळीखाली लिहिलं:

'सुकट. वजन विकणारीच्या म्हणण्याप्रमाणे दोन किलो, तारेच्या म्हणण्याप्रमाणे एक किलो आठशे. टांगणारी मी. सरांना वेळेवर सांगितलं नाही.' खाली सही.

पेनाने लिहिलंय, सर. निळ्या शाईने. ओरडा आता.